न दिसणाऱ्या नीलेचा शोध

दवाखान्यात हाताला सलाइन लावलेला माणूस आपण सर्वांनी पाहिलेला असतो. दंडाला रबरी पट्टी घट्ट बांधली की हातावरच्या नीला फुगून वर येतात. त्यांतली एक बोटाने चाचपून परिचारिका तीत सुई सरकवते. हे काम डोळ्यांना दिसते, बोटांना जाणवते, आणि चुकले तरी सहसा थोडी सूज येण्यापलीकडे काही होत नाही.

पण काही रुग्णांच्या बाबतीत हातावरची नीला पुरत नाही. रक्तात जंतुसंसर्ग पसरून रक्तदाब घसरलेला असला, तर रक्तवाहिन्या आकुंचित करणारे नॉरअ‍ॅड्रेनॅलिनसारखे औषध तासन् तास, थेंबाथेंबाने द्यावे लागते. हातावरच्या बारीक नीलेतून हे औषध बाहेर झिरपले तर तेथील कातडी मरू शकते. कधी मूत्रपिंडे निकामी झाल्याने तातडीने डायलिसिस करावे लागते, कधी तोंडाने अन्न जात नसल्याने सगळे पोषण रक्तातूनच द्यावे लागते. अशा वेळी हृदयाजवळच्या मोठ्या नीलेपर्यंत एक बारीक, लवचीक नळी पोचवतात. तिला डॉक्टर मंडळी ‘सेंट्रल लाइन’ म्हणतात. हृदयाच्या वरच्या महानीलेतून मिनिटाला दीड-दोन लिटर रक्त वाहत असते. तीव्र औषधही तेथे क्षणात पातळ होते आणि नीलेच्या भिंतीला इजा करत नाही.

केजसारख्या तालुक्याच्या गावातून असा गंभीर रुग्ण बहुधा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा बीडच्या जिल्हा रुग्णालयात पाठवला जातो. तेथे त्याच्या मानेत ही नळी बसवताना डॉक्टरांपुढे जो प्रश्न उभा असतो, तोच या लेखाचा विषय आहे. आत खोलवर असलेली, बाहेरून न दिसणारी नीला शोधायची कशी? आणि शोधण्याच्या दोन पद्धती असतील, तर त्यांतली अधिक सुरक्षित कोणती हे ठरवायचे कसे?

थोडा इतिहास

हृदयापर्यंत नळी नेता येते हे १९२९ साली जर्मनीतील एबर्सवाल्ड गावच्या रुग्णालयात वेर्नर फोर्समन या तरुण डॉक्टरने स्वतःवरच प्रयोग करून दाखवले. वरिष्ठांची परवानगी नव्हती. तरी त्याने आपल्या दंडातील नीलेतून मूत्रमार्गासाठी वापरली जाणारी ६५ सेंटीमीटर लांबीची नळी आत सरकवली, त्याच अवस्थेत चालत जाऊन क्ष-किरण विभाग गाठला आणि नळीचे टोक हृदयात पोचल्याचे छायाचित्र काढले. त्या वेळी त्याच्या वाट्याला कौतुकापेक्षा टीका अधिक आली. पुढे कूर्नां आणि रिचर्ड्‌स यांनी अमेरिकेत ही पद्धत विकसित केली, आणि १९५६ चे नोबेल पारितोषिक तिघांना मिळून देण्यात आले.

१९५२ मध्ये फ्रेंच डॉक्टर रोबेर ओबानियाक यांनी जत्रुकास्थीखालच्या, म्हणजे गळ्याखालच्या आडव्या हाडाखालच्या नीलेत सुई घालण्याची रीत वर्णन केली. पुढच्याच वर्षी स्वीडनमधील स्वेन-इवार सेल्डिंगर यांनी एक साधी पण फार मोलाची युक्ती प्रसिद्ध केली. जाड नळी थेट खुपसायची नाही. आधी बारीक सुई रक्तवाहिनीत घालायची, सुईच्या पोकळीतून एक मऊ टोकाची तार आत सोडायची, सुई काढून घ्यायची आणि तारेवरून नळी ओवून आत सरकवायची. शेवटी तार बाहेर. नाडी ओवताना आपण आधी नाडीपट्टी पुढे सारतो आणि तिच्यामागून नाडी नेतो, तसाच हा प्रकार. आजही जगभर सेंट्रल लाइन याच रीतीने बसवतात.

म्हणजे नळी सरकवण्याचा प्रश्न १९५३ मध्ये सुटला. पहिली सुई नेमकी नीलेतच जाईल याची खात्री मात्र सेल्डिंगर यांच्या युक्तीतून मिळत नव्हती.

खुणांवरून अंदाज

मानेतील मोठी नीला शोधण्याची जुनी पद्धत शरीरावरच्या खुणांची आहे. मान एका बाजूला वळवली की कानामागून छातीच्या हाडाकडे येणारा एक स्नायू उठून दिसतो. खाली त्याच्या दोन शाखा होतात. या दोन शाखा आणि जत्रुकास्थी यांच्यामध्ये एक छोटा त्रिकोण तयार होतो. त्रिकोणाच्या वरच्या टोकाशी, हाताला जाणवणाऱ्या रोहिणीच्या ठोक्याच्या बाहेरच्या बाजूने सुई घातली, की ती नीलेत जावी अशी अपेक्षा असते.

‘अपेक्षा’ हाच शब्द योग्य आहे. कारण नीलेच्या अगदी शेजारी मेंदूला रक्त नेणारी रोहिणी असते, आणि थोडे खाली फुप्फुसाचे टोक. बहुतेकांच्या मानेत नीला रोहिणीच्या बाहेरच्या अंगाला असते, पण सर्वांच्या नाही. काहींत ती रोहिणीच्या थेट वर येते, काहींत फार अरुंद असते. त्यातच रुग्णाच्या शरीरातले पाणी कमी झालेले असेल तर नीला चपटी पडते. पाठ्यपुस्तकातली आकृती एका ‘सरासरी’ माणसाची असते. समोरच्या खाटेवर मात्र एक विशिष्ट माणूस असतो.

सुई चुकली तर तीन गोष्टी होऊ शकतात. रोहिणीला छिद्र पडून मानेत रक्त साकळते. फुप्फुसाला टोचले तर त्याच्याभोवती हवा साठते आणि फुप्फुस दबते. नीला उघडी असताना रुग्णाने खोल श्वास घेतला, तर बाहेरची हवा रक्तात ओढली जाऊ शकते. हा तिसरा धोका साध्या भौतिकीतून समजतो. बसलेल्या माणसाची मान हृदयाच्या वर असते, आणि तेथील नीलेतला दाब वातावरणाच्या दाबापेक्षाही कमी होऊ शकतो. म्हणून नळी बसवताना रुग्णाला आडवे करून खाटेची डोक्याकडची बाजू खाली करतात. त्यामुळे मानेतला दाब वाढतो, हवा आत येत नाही आणि नीलाही फुगते.

सुई रोहिणीत गेली की नीलेत, हे ओळखण्यासाठीही दाबच उपयोगी पडतो. नुसता रक्ताचा रंग फसवा असतो, कारण गंभीर रुग्णाच्या रोहिणीतले रक्तही काळसर असू शकते. सुईला एक पारदर्शक नळी जोडून ती उभी धरली, तर नीलेचे रक्त काही सेंटीमीटर चढून थांबते. रोहिणीत सरासरी दाब पाऱ्याच्या ९० ते १०० मिलिमीटर इतका असतो. पारा पाण्याच्या १३.६ पट जड. म्हणजे १०० मिलिमीटर पाऱ्याचा दाब पाण्याचा १३६ सेंटीमीटरचा स्तंभ तोलून धरतो. रक्त पाण्याहून किंचितच जड असल्याने रोहिणीचे रक्त नळीत चढतच राहते. जाड नळी घालण्यापूर्वी केलेली ही छोटी तपासणी मोठी चूक टाळते.

ध्वनीच्या साहाय्याने पाहणे

दुसरी पद्धत सोनोग्राफीची. यंत्राच्या हातात धरायच्या भागात दाबविद्युत स्फटिक असतात. या गुणधर्माचा शोध क्यूरी बंधूंनी १८८० मध्ये लावला होता. विद्युत स्पंद दिला की स्फटिक कंप पावतो आणि श्राव्यातीत ध्वनी सोडतो. शरीरातून परत आलेला प्रतिध्वनी त्याच स्फटिकावर आदळला की विद्युत संकेत तयार होतो. मऊ ऊतींत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५४० मीटर असतो. नीला २ सेंटीमीटर खोल असेल तर ध्वनीला जाऊन-येऊन ४ सेंटीमीटर अंतर कापावे लागते, आणि त्याला सुमारे २६ मायक्रोसेकंद लागतात. हा वेळ मोजून यंत्र खोली काढते. विहिरीत हाक मारून प्रतिध्वनीवरून पाण्याची खोली ताडण्याचेच हे सूक्ष्म रूप.

पडद्यावर मानेतल्या दोन्ही वाहिन्या काळ्या वर्तुळांसारख्या दिसतात. त्यांतली नीला कोणती? हातातला भाग हलकेच दाबला की एक वर्तुळ चपटे होऊन मिटते, दुसरे मात्र गोलच राहते आणि ठोके देते. मिटते ती नीला, कारण तिच्यातला दाब कमी आणि भिंत पातळ. हवा भरलेली सायकलची ट्यूब आणि अर्धवट रिकामी ट्यूब अंगठ्याने दाबून पाहिली तर हा फरक वर्गात सहज दाखवता येईल.

पण यंत्र हाताशी आले म्हणजे कौशल्याची गरज संपली असे नाही. सोनोग्राफीत दिसते ती शरीराची एक पातळ चकती. शेवग्याची शेंग आडवी कापली तर वर्तुळ दिसते, उभी चिरली तर लांब पट्टी. आडव्या छेदात नीला आणि शेजारची रोहिणी दोन्ही दिसतात, पण सुईचा फक्त एक पांढरा ठिपका दिसतो. तो ठिपका टोकाचा आहे की मधल्या भागाचा, हे कळत नाही. टोक नीला भेदून पलीकडच्या रोहिणीत पोचलेले असू शकते. उभ्या छेदात सुई टोकापर्यंत दिसते, पण हात जरासा सरकला तर आपण नीलेऐवजी रोहिणीकडे पाहत असतो. म्हणून अनुभवी डॉक्टर दोन्ही छेद वापरतात, आणि तार आत सोडल्यावर ती नीलेतच आहे हे पुन्हा पाहतात.

तुलना न्याय्य कशी करायची?

‘पाहून केलेले काम अंदाजाने केलेल्या कामापेक्षा चांगलेच असणार’ असे आपल्याला सहज वाटते. विज्ञानात मात्र एवढे पुरत नाही. शाळेतलेच उदाहरण घेऊ. ‘अ’ तुकडीला नव्या रीतीने गणित शिकवले आणि ‘ब’ तुकडीला जुन्या. ‘अ’ तुकडीचे गुण जास्त आले. यावरून नवी रीत चांगली ठरते का? ‘अ’ तुकडीत मुळातच हुशार मुले घातली असतील तर नाही. तसेच येथे. यंत्र मोठ्या रुग्णालयात असते, तेथे अनुभवी डॉक्टरही असतात. फरक यंत्रामुळे पडला की अनुभवामुळे, हे कसे सांगणार?

यावर उपाय म्हणजे कोणत्या रुग्णाला कोणती पद्धत हे नशिबावर सोपवायचे, नाणेफेकीसारखे. रुग्ण पुरेसे असले की दोन्ही गटांत जाड-बारीक, तरुण-वृद्ध, कमी-अधिक आजारी माणसे जवळपास सारखी वाटली जातात. मग उरलेला फरक पद्धतीचा मानता येतो.

ग्रीसमध्ये अतिदक्षता विभागातील ९०० रुग्णांवर अशी तुलना झाली आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. प्रत्येक गटात ४५० रुग्ण होते. खुणांच्या पद्धतीत १०.६ टक्के रुग्णांच्या रोहिणीला सुई लागली, सोनोग्राफीच्या गटात १.१ टक्के. फुप्फुसाभोवती हवा साठण्याचे प्रमाण २.४ टक्क्यांवरून शून्यावर आले. नळी बसवण्यात यश ९४.४ टक्क्यांऐवजी १०० टक्के मिळाले. या आकड्यांचा अर्थ मुलांना असा सांगता येईल. रोहिणी टोचण्यातला फरक १०० रुग्णांमागे साडेनऊचा आहे. १०० ला ९.५ ने भागले तर साधारण साडेदहा येतात. म्हणजे दर दहा-अकरा रुग्णांसाठी यंत्र वापरले, तर त्यांतील एकाची रोहिणी वाचते.

एका प्रयोगावर विसंबू नये म्हणून अनेक प्रयोग एकत्र करून पाहतात. मानेतील नीलेबाबत कॉक्रेन संस्थेचा असा आढावा २०१५ मध्ये आला. त्यात ३५ प्रयोग आणि ५१०८ रुग्ण होते. सोनोग्राफीने एकूण गुंतागुंत ७१ टक्क्यांनी आणि रोहिणी टोचली जाणे ७२ टक्क्यांनी कमी झाले. पहिल्याच प्रयत्नात यश मिळण्याचे प्रमाण ५७ टक्क्यांनी वाढले. पुराव्याचा दर्जा बऱ्याच बाबतींत फार उंच नाही, हेही त्याच आढाव्यात नमूद आहे. डॉक्टरला आपण कोणती पद्धत वापरतो हे माहीत असते, त्यामुळे नोंदीत कळत-नकळत झुकाव येऊ शकतो. तरीही वेगवेगळ्या देशांतले निष्कर्ष एकाच दिशेने जातात, ही गोष्ट वजनाची आहे. ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेने तर २००२ मध्येच मानेतील नळीसाठी सोनोग्राफीची शिफारस केली होती.

जागा कोणती? येथे उत्तर सरळ नाही

नळी तीन ठिकाणांहून घालता येते: मान, जत्रुकास्थीखाली आणि जांघ. फ्रान्समधील अतिदक्षता विभागांत ३४७१ नळ्यांवर या तीन जागांची तुलना झाली. निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. रक्तात जंतुसंसर्ग होणे किंवा लक्षणे दिसण्याइतकी गुठळी होणे, हे प्रमाण दर १००० नळी-दिवसांमागे जत्रुकास्थीखाली १.५, मानेत ३.६ आणि जांघेत ४.६ आढळले. ‘नळी-दिवस’ हे मोजमाप मजेदार आहे. दहा रुग्णांना पाच-पाच दिवस नळी असली तर ५० नळी-दिवस झाले. नळी जितके दिवस आत तितका धोका जास्त, म्हणून नुसते रुग्ण मोजून भागत नाही.

मग जत्रुकास्थीखालची जागा सर्वांत चांगली म्हणायची का? त्याच प्रयोगात छातीत वेगळी नळी घालावी लागेल इतकी हवा फुप्फुसाभोवती साठण्याचे प्रमाण तेथे १.५ टक्के होते आणि मानेत ०.५ टक्के. शिवाय ही नीला हाडाच्या आड असल्याने सोनोग्राफीत नीट दिसत नाही. म्हणजे पुढच्या आठवड्यातला संसर्ग टाळायचा की आत्ताचा फुप्फुसाचा धोका, हे रुग्ण पाहून ठरवावे लागते. श्वास घ्यायला आधीच त्रास होत असलेल्या रुग्णाचे उत्तर वेगळे आणि तीन आठवडे नळी लागणाऱ्या रुग्णाचे वेगळे. ‘सर्वांत चांगली पद्धत’ विचारण्यापूर्वी ‘कोणासाठी आणि कशाच्या दृष्टीने’ हे विचारले पाहिजे.

साबण, पाणी आणि एक यादी

सुई बरोबर जागी गेली तरी जंतू आत जाऊ शकतात. यावरचा सर्वांत परिणामकारक उपाय यंत्राचा नव्हता. अमेरिकेतील मिशिगन राज्यात शंभरावर अतिदक्षता विभागांनी पाच साध्या गोष्टींची यादी कटाक्षाने पाळली. हात धुणे, डॉक्टरने टोपी-मुखपट्टी-निर्जंतुक झगा-हातमोजे घालून रुग्णाला पूर्ण चादरीने झाकणे, त्वचा क्लोरहेक्झिडीनने पुसणे, शक्यतो जांघ टाळणे, आणि गरज संपताच नळी काढणे. तातडीची वेळ नसेल आणि डॉक्टर एखादी पायरी चुकले, तर त्यांना तेथेच थांबवण्यात येई. दर १००० नळी-दिवसांमागे संसर्गाचे सरासरी प्रमाण ७.७ होते, ते दीड वर्षात १.४ वर आले. हे २००६ साली प्रसिद्ध झाले. या यादीतील बहुतेक गोष्टी स्वस्त आहेत आणि अंबाजोगाईतही तितक्याच लागू पडतात.

बीड जिल्ह्यातला वेगळा पेच

केजमध्ये शिक्षकांशी बोलताना एका बाईंनी विचारले, “आमच्या मुलींना सोनोग्राफी म्हणजे गर्भलिंग तपासणी एवढेच ठाऊक आहे. तुम्ही त्याच यंत्राचे गुण कसे सांगता?” प्रश्न टाळण्यासारखा नाही. २००१ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालील १००० मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. २०११ मध्ये ८०७ उरल्या. हे प्रमाण राज्यात सर्वांत कमी होते. २०१२ मध्ये परळीतील एका खाजगी रुग्णालयात बेकायदा गर्भपाताच्या वेळी एका महिलेचा मृत्यू झाला. त्या प्रकरणी २०१९ मध्ये न्यायालयाने डॉक्टर दांपत्याला दहा वर्षांची शिक्षा दिली.

गर्भलिंग निदानावर बंदी घालणारा केंद्राचा कायदा १९९४ चा. २००३ मध्ये तो अधिक कडक झाला. त्यानुसार सोनोग्राफीचे प्रत्येक यंत्र नोंदवावे लागते. हातात घेऊन फिरता येणाऱ्या छोट्या यंत्रांवर २०१२ पासून आणखी बंधने आहेत. नोंदणी झालेल्या रुग्णालयात, दाखल रुग्णांसाठी मात्र ते वापरता येते.

येथे भौतिकीचा एक प्रश्न विचारता येईल. मानेसाठी वापरतात तो ध्वनी साधारण १० मेगाहर्ट्‌झचा, आणि गर्भासाठी साडेतीन मेगाहर्ट्‌झच्या आसपासचा. मऊ ऊतींत ध्वनी दर सेंटीमीटरला, दर मेगाहर्ट्‌झमागे सुमारे अर्धा डेसिबल क्षीण होतो. १० सेंटीमीटर खोल जाऊन परत येताना १० मेगाहर्ट्‌झचा ध्वनी १०० डेसिबल गमावतो, म्हणजे जवळजवळ नाहीसाच होतो. साडेतीन मेगाहर्ट्‌झचा ३५ डेसिबल गमावतो. म्हणून मानेसाठीचा भाग उथळ आणि बारीक तपशील दाखवतो, पण खोल पाहू शकत नाही. मग त्याला कायद्यातून सूट का नको? कारण हातात धरायचा भाग बदलला की तेच यंत्र गर्भही पाहू शकते. कायद्याने यंत्रावर नजर ठेवली आहे ती यासाठीच.

माझ्या मते या जिल्ह्यात कायदा सैल करण्याची भाषा कोणी करू नये. पण नोंदणीचे कागद किचकट म्हणून अतिदक्षता विभागात यंत्रच नको, हाही मार्ग नव्हे. नोंदणी करावी, प्रत्येक वापराची नोंद ठेवावी, आणि आजारी बाईच्या मानेत सुई घालताना ती न्याय्य तुलनेत सुरक्षित ठरलेल्या रीतीने घालावी. जन्मण्यापूर्वी मुलगी वाचवणे आणि मोठेपणी आजारात तिला वाचवणे ही एकमेकांविरुद्धची कामे नाहीत.

वर्गात करून पाहण्यासारखे

१. सेंट्रल लाइन लांब असते, म्हणून तिच्यातून सलाइन जास्त वेगाने जाईल असे अनेकांना वाटते. पाण्याच्या बाटलीला एकदा लांब, बारीक नळी आणि एकदा आखूड, रुंद नळी लावून एक पेला भरायला लागणारा वेळ मोजा. प्रवाह नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो आणि लांबीच्या प्रमाणात घटतो, हा प्वासय यांचा नियम. रक्तस्रावाच्या रुग्णाला भराभर द्रव द्यायचा असेल तर हातातली आखूड, जाड नळीच बरी, हे त्यातून कळेल. सुया वापरू नयेत.

२. काकडी किंवा शेवग्याची शेंग आडवी, तिरपी आणि उभी कापून प्रत्येक छेदाचे चित्र काढा. केवळ छेद पाहून मूळ आकार ओळखण्याचा खेळ घ्या.

३. वर्गातील मुलांचे नाणेफेकीने दोन गट करा आणि दोन्ही गटांची सरासरी उंची काढा. मग मुलांना हवे तसे गट पाडू द्या आणि पुन्हा सरासरी काढा. हे चार-पाच वेळा करा. गटातली मुले कमी असताना नाणेफेकही फसते, आणि जास्त असताना क्वचितच, हेही मुलांच्या लक्षात येईल. जाहिरातीत ‘संशोधनाने सिद्ध’ असे वाचले की गट कसे पाडले होते, हा प्रश्न त्यांनी आपणहून विचारावा.